१० मीटर रेंजसाठी रायफल रेस्ट : परभणीतल्या कामाच्या नोंदी

२८ एप्रिल २०२४

आमची एअर रायफलची रेंज पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तीन स्प्रिंग-पिस्टन ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) रायफली आणि दोन पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायच्या). सगळ्या ४.५ मिमीच्या. एखाद्याचे गुण अचानक घसरले की वाद तोच होतो: रायफल बिघडली, छर्रे बदलले, की हात हलतोय? ठाम उत्तर हवं असेल तर हात वगळून रायफल चालवून बघावी लागते. म्हणून रेस्ट, म्हणजे रायफल टेकवून नेम धरायचा आधार.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. १० मीटर एअर रायफलची स्पर्धा उभ्यानेच होते आणि तिथे टेका चालत नाही. पॅरा नेमबाजीत एसएच-२ गटाला (ज्यांना रायफलीचं वजन हातांनी पेलता येत नाही) स्प्रिंगचा स्टँड मिळतो, पण त्याचे नियम आणि माप वेगळे आहेत. आमच्या रेस्टला तीनच कामं आहेत: छर्रे निवडणं, साइट तपासणं आणि नवीन मुलांना ट्रिगर कसा दाबायचा ते वजनाशी न झगडता शिकवणं.

तयार वस्तू पाहून झाल्या. बायपॉड (दोन पायांचा आधार) जमिनीवर झोपून वापरायला ठीक असतो, पण गुळगुळीत टेबलावर स्प्रिंगची रायफल त्यावर उडते. प्लास्टिकचे हलके रेस्ट बोटाने ढकलले तरी सरकतात. दोन काठ्यांची कैची शिकारीसारख्या नेमबाजीसाठी असते, छर्रे तपासायला तिचा उपयोग नाही. बाहेरून येणारे लोखंडी बेंचरेस्ट उत्तम आहेत, पण त्यांच्या किमतीत आमचं वर्षभराचं छर्ऱ्यांचं सामान येतं. त्यामुळे इथेच बनवायचं ठरलं.

२ मे

आधी फुकटातला प्रयोग. शाळेचं जुनं बाक, त्यावर दोन विटा आणि जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून शिवलेल्या दोन पिशव्या. नेम धरला की नाडीच्या ठोक्याबरोबर पुढची साइट हलताना दिसायची. शेजारून कोणी चाललं तर बाकावर ठेवलेल्या ताटलीतलं पाणी थरथरायचं. अशी पाण्याची ताटली प्रत्येकाने ठेवून बघावी, खर्च शून्य आणि उत्तर लगेच.

हे किती महत्त्वाचं आहे त्याचा हिशेब असा. पुढचा टेका आणि मागची पिशवी यांत आमच्याकडे ५५० मिमी अंतर आहे. मागच्या पिशवीपासून टार्गेट साधारण साडेदहा मीटर. म्हणजे पुढचा टेका जेवढा वरखाली होईल त्याच्या सुमारे १९ पट फरक कागदावर पडतो. एअर रायफलच्या टार्गेटवर एक रिंग २.५ मिमीची. २.५ भागिले १९, म्हणजे ०.१३ मिमी. पिशवी नेम धरल्यापासून शॉट सुटेपर्यंत इतकीच बसली तरी एक रिंग गेली. गुण दशांशात मोजत असाल तर आणखी कठीण, कारण तिथे दर ०.२५ मिमीला एक दशांश जातो.

म्हणून बाकाच्या आधी जमीन.

५ ते ९ मे

शेडचा कोबा काळ्या मातीवर थेट टाकलेला आहे. परभणीत हे नवीन नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कोबा तिच्यासोबत उचलतो, खचतो. आत्ता कोबा खालून पोकळ झालाय, हातोडी मारली की डब्बा वाजल्यासारखा आवाज येतो. त्यामुळेच चालण्याचा हादरा पुढे जातो.

कोबा कटरने बाकाच्या तीन पायांसाठी ४०×४० सेंमीचे तीन चौकोन कापले आणि ६० सेंमी खोल खणलं. काळी माती संपत नाही, संपणारही नव्हती, पण एवढ्या हलक्या बोज्याला इतकी खोली पुरते. मुरूम १५-१५ सेंमीच्या थरांत टाकला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकला. थर जाड टाकले तर वरचाच भाग घट्ट होतो आणि खालचा पावसाळ्यात बसतो. वर १० सेंमी काँक्रीट, १:२:४. हा काँक्रीटचा पॅड आणि कोबा यांच्यात चारी बाजूंनी १० मिमी फट ठेवून तिथे थर्माकोलची पट्टी घातली. ही फट विसरलात तर एवढं खणून काही साधत नाही, कारण कोब्याचा हादरा पॅडला लागतोच. सात दिवस पाणी.

कटरचं भाडं, मजुरी, सिमेंट, मुरूम मिळून १,४०० रुपये.

१२ ते १८ मे

बाकाला तीन पाय. चार पायांचं टेबल कुठेही ठेवा, एक पाय अधांतरी राहतोच, तीन पाय डगमगत नाहीत. ४०×४०×२ मिमीचा चौकोनी एमएस पाइप, एकूण २२ किलो, १,७२० रुपये. वेल्डिंगचे १,५०० रुपये वेगळे. प्रत्येक पायाखाली नट वेल्ड करून एम-१६ चा (१६ मिमी जाडीचा) बोल्ट उलटा बसवला, लेव्हल करायला. फॅब्रिकेशनवाल्याला हे बोल्ट अनावश्यक वाटत होते. पण ज्याच्या घराला दर पावसाळ्यात नवीन भेग पडते त्याला ते का लागतात हे सांगावं लागत नाही.

वर ३० मिमी कडप्पा. प्लायवुड हलकं पडतं, शहाबादी फरशी थरांत सुटते. १,०५० मिमीचा चौरस घेऊन मागच्या बाजूला दोन्हीकडून ३५०×४५० मिमीचे खाचे काढले, म्हणजे मधे जीभ राहते आणि उजवा-डावा दोघंही बसू शकतात. कापून झाल्यावर वजन साधारण ६४ किलो.

पहिली फरशी उतरवताना फुटली. भेग खाच्याच्या आतल्या कोपऱ्यातून सरळ निघाली. काटकोनात दोन काप एकमेकांना भिडवले की कटरचं पातं कोपऱ्याच्या थोडं पुढे जातं आणि तिथूनच दगड तडकतो. दुसऱ्या वेळी आधी दोन्ही आतल्या कोपऱ्यांवर २५ मिमीचं गोल भोक पाडलं आणि काप त्या भोकात आणून संपवले. ही टिकली. एक फरशी ७८० रुपये, म्हणजे दोनाच्या १,५६०. कापायचे आधी ३००, मग भोकांसकट ४५०. फ्रेम आणि फरशी यांच्यात ३ मिमी रबराच्या पट्ट्या. जाड फोम घालायचा मोह टाळा, बाक उसळायला लागतं.

उंची फरशीच्या वरच्या कडेपर्यंत ७६ सेंमी, स्टूल ४५ सेंमी. ताटलीतलं पाणी आता स्थिर आहे, शेजारून कोणी चाललं तरी.

१९ मे

टार्गेट खाली आणायचं का, यावर चर्चा झाली. नियमाप्रमाणे टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर असतं. बाकावर बॅरल येते साधारण ९८ सेंमीवर. फरक ४२ सेंमी, पण तो १० मीटरमध्ये विभागला की पुढचा टेका मागच्यापेक्षा फक्त २३ मिमी जास्त उचलावा लागतो. तिरक्या रेषेमुळे अंतर वाढतं ते ९ मिमी, आणि १० मीटरच्या मापात ५ सेंमीची सूट असते. तेव्हा टार्गेट आणि मागचा छर्रे अडवणारा पत्रा जागचे हलवले नाहीत. पत्रा हलवला असता तर सगळी सुरक्षा पुन्हा तपासावी लागली असती.

२० ते २६ मे, पुढचा टेका

पहिली आवृत्ती साधी होती. १० मिमी जाड त्रिकोणी प्लेट, मधे वेल्ड केलेला नट, त्यातून वर येणारा एम-१६ चा थ्रेडेड रॉड आणि रॉडच्या डोक्यावर यू-आकाराचा खोबणीचा तुकडा. दोन दोष लगेच दिसले. रॉड फिरवला की खोबणही फिरते. आणि १६ मिमीच्या साध्या नटमध्ये रॉड डुलतो, वर १५ सेंमीवर हाताने अर्धा मिमी तरी हलवता येतो. वर काढलेल्या ०.१३ च्या हिशेबात अर्धा मिमी म्हणजे चार रिंगा.

दुसऱ्या आवृत्तीत उलट केलं. रॉड फिरत नाही, नट फिरतो. प्लेटवर जाड पाइपचा १०० मिमी उभा तुकडा वेल्ड केला, आतून लेथवर साफ करून घेतला, जेणेकरून रॉड अलगद पण न डुलता सरकेल. पाइपला उभी खाच आणि रॉडला आडवी पिन, त्यामुळे रॉड वरखाली होतो पण गरगर फिरत नाही. नट पाइपच्या तोंडावर बसतो. नटला जुन्या पाण्याच्या व्हॉल्व्हचं १०० मिमी व्यासाचं चाक वेल्ड केलं. वेल्ड करताना नट रॉडवर ठेवू नका, ठिणग्या आट्यांत चिकटतात. आमचा एक रॉड असाच गेला.

एम-१६ चा आटा २ मिमीचा, म्हणजे एका फेरीत टेका २ मिमी वरखाली होतो. चाकाची एक फेरी म्हणजे कागदावर सुमारे ३८ मिमी. चाकाचा घेर ३१४ मिमी, तेव्हा कडेला ८ मिमी फिरवलं की कागदावर १ मिमी. ढोबळ नेमासाठी हे छान आहे. बारीक नेम या चाकाने लावायला जाऊ नये. ते काम मागच्या पिशवीचं, आणि हे न कळल्यामुळे बरेच लोक पुढच्या टेक्यावर पैसे घालवत बसतात.

लेथ, प्लेट, रॉड, पाइप मिळून १,१५० रुपये.

३० मे ते ८ जून, पिशव्या

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. घालवायलाच हवा होता.

मोजायची पद्धत: रिकामी रायफल पिशव्यांवर ठेवायची, बॅरलला चिकटपट्टीने लेझर पेन बांधायचा, टार्गेटच्या कागदावर ठिपक्याची खूण करायची आणि एक मिनिटाने ठिपका किती सरकला ते बघायचं. लेझर लावलेला असताना छर्रा भरायचा नाही आणि पुढे कोणीही नसावं.

सरकी: आपल्याकडे पोत्याने मिळते म्हणून आधी तीच भरली. ठिपका एका मिनिटात १० मिमीच्या वर उतरला आणि थांबला नाही. रुवाळी सरकी दबत राहते आणि सोडली की परत फुगते. बाद.

ज्वारी: हाताला फार चांगली लागते, दाबली तर आकार धरते. ठिपका ४ मिमी. पण वजनाला वाळूच्या निम्मी, आणि आठवड्यात एका पिशवीला उंदराने भोक पाडलं. किडे वेगळेच.

प्लास्टिकचा दाणा: स्वच्छ, पण घसरडा. मूठ सैल केली की पिशवी आपोआप मूळ आकाराला येते. नेम धरून बसता येत नाही.

क्रशरची डस्ट: जड आणि घट्ट, ठिपका जागचा हलत नाही. पण दगडाचे कण टोकदार असतात, शिवणीतून बारीक भुकटी निघते आणि ती ट्रिगरच्या आत जाते. स्प्रिंगच्या रायफलीला हे चालेल असं वाटणाऱ्यांनी नंतर ट्रिगर उघडून बघावा.

गोदावरीची वाळू: गंगाखेडकडून आलेली, एका बांधकामावर उरलेली. १ मिमीच्या चाळणीतून जे खाली पडेल ते घेतलं आणि त्यातलं मैद्याच्या चाळणीतून गळणारं टाकून दिलं. पाणी नितळ येईपर्यंत धुतली, पत्र्यावर दोन दिवस उन्हात वाळवली. नदीच्या वाळूचे कण गोलसर, त्यामुळे पिशवी दाबता येते आणि दाबलेली राहते. ठिपका १ मिमी. हीच ठेवली.

आत पॉलिथिनची पिशवी घातली तर ती कुरकुरते आणि बाहेरच्या कापडाच्या आत सरकते, काढून टाकली. आता आत मांजरपाटाची पिशवी, बाहेर जाड खाकी कॅनव्हास. घरच्या शिलाई मशीनवर १४ नंबरची सुई मोडते, १८ नंबर आणि नायलॉन दोरा लागतो. दप्तरं शिवणाऱ्याकडून करून घेतलं. कापड, चामड्याचे तुकडे, शिलाई मिळून ६२० रुपये.

पुढची पिशवी छोटी, खोबणीत बसणारी, ठासून भरलेली. नरसाळ्याने वाळू घालायची, पिशवी जमिनीवर आपटायची, पुन्हा घालायची, ती आणखी घेत नाही तोवर.

मागची पिशवी वेगळी. वर सशासारखे दोन कान, दोन्हींच्या मधल्या व्ही-खाचेत बटाचा (रायफलीच्या खांद्याला लागणाऱ्या मागच्या भागाचा) खालचा भाग बसतो. कानांना आतून स्वेड चामडं. कान आधी काठीने ठासून दगडासारखे भरायचे, खाली आडवी शिवण मारून बंद करायचे आणि मगच धड भरायचं, तेही नऊ-दशांशच. पहिल्या वेळी धडही ठासून भरलं होतं. पिशवी दिसायला सुंदर, पण मुठीत दाबली तर काहीच होईना. बारीक नेम लावताना मागची पिशवी डाव्या मुठीत दाबतात. मूठ आवळली की बट वर जातं आणि नेम खाली येतो. हे शतांश मिलिमीटरचं काम कोणत्याही स्क्रूपेक्षा मुठीला चांगलं जमतं, फक्त पिशवीत जागा हवी. भरलेलं वजन ३.४ किलो.

कडप्प्यावर पिशवी घसरते म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा उघडून सपाट केलेला तुकडा. एकच थर.

एकूण खर्च इथवर ८,७०० रुपये. त्यातले १,०८० फुटलेल्या फरशीचे आणि तिच्या कापाचे.

१५ जून, स्प्रिंगच्या रायफली

पाच छर्रे नुसते मारून मग दहाचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या दहा छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका. पाचाच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, तो नशिबाने छान येतो. माप भोकांच्या बाहेरच्या कडांचं घेऊन त्यातून ४.५ वजा.

पहिला ग्रुप १४ मिमी, आणि तोही उभा पसरलेला. इतका खर्च करून जीन्सच्या पिशवीपेक्षा वाईट. रेस्ट बिघडलेला नव्हता. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे जाताना बंदूक मागे येते, पिस्टन थांबला की पुढे झटका बसतो, आणि छर्रा बाहेर पडायच्या आधीच बंदूक हललेली असते. कडक टेक्यावर ती वर उसळते आणि खांद्याचा दाब थोडा बदलला तरी उसळी बदलते.

बदल तीन. पुढच्या कडक पिशवीवर अर्धवट भरलेली दुसरी मऊ पिशवी आणि तिच्यावर उघडा तळहात, रायफल तळहातावर. टेका फोरएंडच्या (बॅरलखालच्या पुढच्या दांड्याच्या) टोकाला न देता वजन तोलतं त्या जागी, ट्रिगर गार्डच्या थोडं पुढे. त्या जागेला चिकटपट्टीची खूण, प्रत्येक शॉट तिथूनच. खांदा आणि गाल नुसते टेकवायचे, ओढायचं नाही. त्याच रायफलीचा ग्रुप ७ मिमीवर आला. दुसरीचा ८. तिसरीचा १३ वरच राहिला. तिच्या पुढच्या साइटीचा स्क्रू सैल निघाला, तो कसल्यावर ९.

बॅरल कधीच टेक्यावर ठेवू नये, हे वेगळं लिहावं लागतंय कारण प्रत्येक नवीन मुलगा आधी तेच करतो. फोरएंडखाली पट्ट्याची कडी असेल तर काढा, ती पिशवीला अडते.

ग्रुप कुठल्या दिशेने पसरतो ते बघत जा. उभा पसरला तर खांद्याचा दाब किंवा टेक्याची जागा बदलतेय. आडवा पसरला तर गालाचा दाब, ट्रिगर बाजूला ओढणं किंवा रायफल कलणं.

२२ जून, पीसीपी आणि छर्रे

या रायफलींना झटका जवळजवळ नाही, म्हणून कडक पिशवीच चालते आणि हात पुढे लागत नाही. छर्रे दोन: आरडब्ल्यूएस आर-१० आणि एच अँड एन फिनाले मॅच, दोन्ही ०.५३ ग्रॅमचे. ०.४५ ग्रॅमचे पिस्तुलासाठी असतात, डबा घेताना वजन वाचा. छर्ऱ्याच्या डोक्याचं माप डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं असतं.

एका रायफलीत एक छर्रा २ मिमीत बसला, दुसरा ४ मिमीत. दुसऱ्या रायफलीत बरोबर उलट. "सगळ्यात चांगला छर्रा कोणता" हा प्रश्न बॅरलला विचारायचा. ४.५ मिमीचा छर्रा अर्ध्या मिमीच्या दहाच्या ठिपक्याला नुसता स्पर्शला तरी दहा, म्हणजे केंद्रापासून अडीच मिमीपर्यंत दहा मिळतो. पूर्णांकात मोजताना २ आणि ४ मिमीचा फरक लपून जातो. दशांशात तो उघडा पडतो.

छर्रा बदलला की पहिले पाच-सहा मोजायचे नाहीत. आणि रेस्टवर बसवलेली साइट उभ्याने तशीच लागेल असं धरू नये. उभं राहिलं की गालाची जागा आणि दाब दोन्ही बदलतात. रेस्टवर फक्त ग्रुपचा आकार ठरवायचा, साइटच्या स्क्रूचे शेवटचे क्लिक उभ्यानेच.

भरलेली रायफल रेस्टवर ठेवून उठायचं नाही. पिशव्यांवर आडवी पडलेली रायफल निरुपद्रवी दिसते, तोच धोका. कागद बदलायला जाताना चेंबर रिकामं, रायफलीचा बोल्ट उघडा, सगळ्यांनी बाकापासून मागे. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, पत्र्याखालचं शिसं कोरड्या झाडूने झाडायचं नाही.

१४ जुलै

दमट हवेत मागची पिशवी ३.४ ची ३.५ किलो झाली आणि कॅनव्हासला वास यायला लागला. वाळू काढून कढईत भाजली, थंड करून परत भरली. पुढच्या खेपेला बुडाशी चेन शिवून घ्यायची, शिवण उसवत बसावं लागणार नाही. पिशव्या आता झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि रायफल रात्रभर पिशव्यांवर ठेवत नाही, ओलसर कॅनव्हासने बॅरलवर तांबेरा येतो.

पावसाने डावा मागचा पॅड सुमारे २ मिमी उचलला. लेव्हलच्या नळीत बुडबुडा सरकलेला दिसला. बोल्टने पाच मिनिटांत बरोबर केलं. पावसाळा संपून माती आक्रसली की तो परत खाली जाईल, तेव्हा ऑक्टोबरमध्ये पुन्हा लेव्हल बघायची आहे.

डावखुऱ्या मुलीसाठी स्टूल उजव्या खाच्यात सरकवलं तर ते रेंजच्या भिंतीला अडतं. बाक भिंतीपासून आणखी ३० सेंमी आत घ्यायला हवं होतं. पॅड आता हलणार नाहीत, म्हणून तिच्यासाठी अरुंद स्टूल करायला दिलंय.